बाहेरची मदत

९ जानेवारी

बेबीस,

हे पत्र नसून नोटीस आहे. घाबरू नकोस, खरी नाही, गृहपाठाची आहे. मी कायद्याच्या कॉलेजात नाव घातलं आहे हे तुला कळलं असेलच. आपल्या नात्यात बातमी पोचायला टपाल लागत नाही.

आमच्या सरांनी वर्गाला काम दिलं: आपल्यावर खरोखर अन्याय केलेला एक माणूस निवडा आणि त्याला नोटीस लिहा. वर्गातली विशी-बाविशीची मुलं पेन चावत बसली. बिचाऱ्यांवर अजून पुरेसा अन्याय झालेला नाही. मला एक मिनिटही लागलं नाही.

तर मजकूर असा. तीन वर्षांपूर्वी माझ्या गुडघ्यातली फाटलेली गादी डॉक्टरांनी शिवली, तेव्हा तू न बोलावता माझ्या घरी आलीस. दोन महिने ठाण मांडलंस. स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावलेस, त्यामुळे मीठ शोधायला मला आठवडा लागला. आणि मी तपासणीसाठी दवाखान्यात गेले असताना माझी सायकल भंगारवाल्याला देऊन टाकलीस. 'आता या वयात कशाला, ताई', हे तुझे शब्द. त्यावर मी 'मला बहीण नाही' म्हणाले, हे तू सगळ्यांना सांगितलंस, आणि शब्दशः सांगितलंस, एवढा तुझा प्रामाणिकपणा मी मान्य करते. ते वाक्य अद्याप मागे घेतलेलं नाही, याची नोंद घ्यावी.

सरांनी दहापैकी नऊ गुण दिले. एक कापला, कारण नोटिशीच्या शेवटी मागणी लिहायची असते, ती मी लिहिली नव्हती. ते म्हणाले, "बाई, राग छान मांडलाय. पण तुम्हाला हवंय काय?" मी विचार करून सांगते म्हटलं.

फोन करू नकोस. फोनवर तू मध्ये बोलतेस. पत्राचा तो एक मोठा फायदा आहे.

आणखी एक. मी नवी सायकल घेतली. दुकानदाराने विचारलं, "आजी, नातवाला भेट का?" त्याच्या मागे भिंतीवर कसल्याशा शर्यतीचं पत्रक चिकटवलेलं होतं. मी त्याकडे बोट दाखवून म्हटलं, "या शर्यतीसाठी." बोलून झाल्यावर चष्मा लावला आणि पत्रक वाचलं. जवळजवळ दोन किलोमीटर तळ्यात पोहायचं, बाहेर येऊन नव्वद किलोमीटर सायकल चालवायची, उतरून एकवीस किलोमीटर धावायचं. सगळं एकाच दिवशी, साडेआठ तासांत. दुकानदार माझ्याकडे बघत होता. माघार घ्यायची माझी पद्धत नाही, हे तुला माहीत आहे. शर्यत नोव्हेंबरात आहे.

नोटीस देणार,
ताई


३ मार्च

बेबीस,

उत्तर आलं नाही. कायद्यात मौन म्हणजे संमती नसते, हे मी आता शिकले आहे, तेव्हा त्या भरवशावर राहू नकोस.

पोहणं सुरू केलं. कॉन्व्हेंट शाळेतल्या खेळांच्या मदरनी आपल्याला हौदात ढकललं होतं ते आठवतं? तू माशासारखी निघालीस आणि मी कठड्याला धरून सगळ्यांचे टॉवेल सांभाळले. पंचावन्न वर्षांनी मी तो कठडा सोडला. इथे पोहण्याच्या तलावावर शिकवणारी बाई चाळिशीची आहे, गळ्यात कायम शिट्टी, म्हणून मी तिला शिट्टीच म्हणते. तोंडावरही. पहिल्या दिवशी मी पाण्यावर इतक्या थपडा मारल्या की शेजारच्या रांगेतले लोक बाजूला झाले. शिट्टी वरून म्हणाली, "काकू, पाण्याशी भांडू नका. ते ऐकत नाही." तीस वर्षं मी हवामान खात्यात वारा आणि पाऊस मोजला, त्यांनीही माझं कधी ऐकलं नाही, पण निदान मी त्यांच्यात उतरत तरी नव्हते.

अभ्यासाचं असं की दिवसाला तास तेवढेच. पहाटे तलाव, मग कॉलेज, संध्याकाळी सायकल, आणि जेवताना पुस्तक. शेवटी मी दोन्ही एकत्र केलं. पोहताना करार कायदा म्हणते. डावा हात प्रस्ताव, उजवा हात स्वीकृती, श्वास घेताना मोबदला. श्वास चुकला की करार रद्द आणि नाकात पाणी. धावताना फौजदारी. त्यात चिडायला भरपूर आहे, पाय आपोआप उचलतात.

शिट्टीने बुटांना रबरी नाड्या घालायला सांगितल्या आहेत, पाय सरकवला की काम झालं, बांधाबांध नको. मी नाही म्हटलं. मदरांच्या शाळेत शिकलेल्या बाईला नाडी बांधता येते. पाच वर्षं रोज शाळेच्या फाटकापाशी मी वाकून तुझी नाडी बांधली आहे, दुहेरी गाठ, कारण साध्या गाठीने तू प्रार्थना संपायच्या आत बूट काढून मोकळी व्हायचीस.

असो.

ताई


२८ एप्रिल

बेबीस,

हे पत्र डाव्या हाताने लिहिते आहे. अक्षराला हसू नकोस.

शर्यतीच्या सायकलीवर बूट पेडलला अडकवायचे असतात. टाच बाहेर फिरवली की सुटतात. हे मला माहीत होतं. गेल्या महिन्यात मी चौकात लाल दिव्याला थांबले, अगदी नियमाप्रमाणे, पांढऱ्या पट्ट्याच्या आत. थांबल्यावर पाय काढायचा असतो हे त्या क्षणी सोडून बाकी सगळं आठवत होतं. मी उभ्याची आडवी झाले. अगदी सावकाश, कपाट कलंडावं तशी. वेग शून्य. एक रिक्षावाला उतरून आला आणि म्हणाला, "मावशी, कोणी धडक दिली?" कोणीच नाही हे सांगताना जेवढं दुखलं तेवढं मनगट दुखलं नाही. मनगट मोडलं होतं.

आता खरी गंमत. परीक्षा तोंडावर आलेली. कॉलेजने लेखनिक दिला, म्हणजे मी सांगायचं आणि त्याने लिहायचं. मी मदत नको म्हटलं, प्राचार्य म्हणाले मग पुढच्या वर्षी बसा. तेव्हा घेतला. मुलगी गोड होती, पण ऱ्हस्वदीर्घाचा आणि तिचा काही संबंध नव्हता. 'विधी' तिने तीन प्रकारे लिहिला. मी प्रत्येक ओळ दुरुस्त करायला लावली. पहिले तीन प्रश्न इतके शुद्ध झाले की छापायला द्यावेत. चौथ्या प्रश्नाला घंटा झाली, पाचवा आणि सहावा आम्ही वाचलेसुद्धा नाहीत.

करार कायद्यात नापास. शुद्धलेखनाला गुण नसतात, हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

शिट्टी भेटायला आली तेव्हा मी म्हटलं, झालं, यंदा दोन्ही गेलं. ती खुर्चीत बसून माझ्या हातावरचं प्लास्टर ठोकून बघत होती. म्हणाली, "पाय मोडलेत का? मग उद्या धावायला या." अशी निर्दय बाई मला आवडते.

डॉक्टर म्हणतात, घरात कुणीतरी असायला हवं. मी म्हटलं, कुणी नाही. त्यांनी कागदावर लिहिलं, एकटी राहते. ते वाचून मला विनाकारण राग आला. कुणाचा ते ठरलं नाही.

ताई


१७ जुलै

बेबीस,

पार्सल मिळालं. चिठ्ठी नाही, पाठवणाऱ्याचं नाव नाही, आत जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली सायकलची घंटी. माझ्याच सायकलची. वरचा पोचा मी ओळखते, तो जिन्यावरून पडली तेव्हाचा आहे.

म्हणजे भंगारवाल्याला देण्याआधी तू बसून, पाना घेऊन, घंटी सोडवून घेतलीस. आणि तीन वर्षं जपलीस. हा पुरावा मी कोणत्या बाजूने वाचावा हे मला कळत नाही. सरांना विचारलं (नाव न सांगता), तर ते म्हणाले, अंशतः परतफेड ही जबाबदारीची कबुली मानता येते. मी घंटी नव्या सायकलला लावली आहे. शर्यतीच्या सायकलला घंटी कोणी लावत नाही, ती तिथे शंकराच्या देवळातल्यासारखी दिसते. पण आवाज तोच आहे.

प्लास्टर निघालं. मनगट वळतं, पण शेवटची दोन बोटं अजून चहाचा कप धरायला तयार नाहीत. आणि परवा आम्ही पहिल्यांदा तळ्यात उतरलो. हौदाला तळ दिसतो, बेबी, तळ्याला दिसत नाही. शंभर हातांवर गेले आणि खाली नुसतं हिरवं. करार, प्रस्ताव, स्वीकृती, सगळं डोक्यातून गेलं. मी शिट्टीच्या तराफ्याला असा विळखा घातला की तीही पाण्यात आली. काठावर मी बराच वेळ टॉवेल गुंडाळून बसले होते. शिट्टीने विचारलं, हौदात तर भीती वाटत नाही ना? पोहण्याच्या वेळी तुम्ही कुणाचा विचार करता? मी म्हटलं, विचार नाही, वाद घालते. ती म्हणाली, कुणाशी? मी म्हटलं, आहे एक बाई. ती म्हणाली, "मग तळ्यातही तिच्याशीच घाला."

दुसऱ्या खेपेला मी तुझ्याशी डब्यांवरून भांडत गेले. पलीकडच्या काठाला लागल्यावरच थांबले.

तेव्हा तुझा उपयोग झाला. याचा गैरफायदा घेऊ नये.

ताई


२६ ऑक्टोबर

बेबीस,

करार कायद्याची फेरपरीक्षा शुक्रवारी, शर्यत रविवारी. दोन्ही मी स्वतःच्या हाताने देणार आहे. दोन बोटं गेली उडत, तीन आहेत.

शर्यतीची नियमावली आली. पोरं तिच्यातला फक्त नकाशा बघतात, मी ती दंडसंहितेसारखी वाचली. सुंदर आहे. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही. पुढच्या सायकलच्या आडोशाने वारा चुकवायचा नाही. आणि अकरावा नियम तर माझ्यासाठीच लिहिला आहे: स्पर्धकाने बाहेरच्या कोणाचीही मदत घेऊ नये. वाटेत पाण्याची टेबलं असतात तेवढीच. ओळखीच्या माणसाने हातभार लावला तर स्पर्धक बाद. अनोळखी प्रेक्षक आपणहून मध्ये कडमडला तर मात्र स्पर्धकाचा दोष नाही.

म्हणजे तू आलीस तरी हरकत नाही. गेली तीन वर्षं तू मला अनोळखीच आहेस.

सकाळी सातला तळ्यापासून सुरुवात, धावायचा रस्ता त्याच्याभोवतीच्या बागेतून तीन फेऱ्यांचा आहे. हे केवळ माहितीसाठी. बागेच्या दक्षिण फाटकाला सावली असते.

मला काय हवं आहे ते सरळ सांगते. दुसऱ्या दिवशी निकालाची यादी निघते, वेळेत पोचलेल्यांची नावं क्रमाने. त्या यादीत मला माझं नाव हवं. शेवटून पहिलं चालेल. ते कापून तुला पाठवायचं आणि खाली 'या वयात' एवढे दोनच शब्द लिहायचे, असा माझा बेत आहे. दहा महिने मी त्या दोन शब्दांसाठी पहाटे उठते आहे.

ताई


१२ नोव्हेंबर

बेबी,

तू दोरीखालून आत आलीस तिथपर्यंतचं तुला माहीत आहे. पुढे काय झालं ते न बघता तू परतीची गाडी पकडलीस, कारण तुला वाटलं की पुन्हा एकदा तू माझं वाटोळं केलंस. म्हणून सगळं क्रमाने लिहिते. मध्ये बोलू नकोस.

परीक्षा बरी गेली. सहाही प्रश्न लिहिले. अक्षर कोंबडीच्या पायाचं, पण विधी प्रत्येक वेळी बरोबर.

तळं पार केलं. अर्ध्यात तुझ्याशी सायकलीवरून भांडण काढलं आणि ते संपायच्या आत काठ आला. सायकलवर जाताना वारा पाठीवर होता आणि पोरं आरोळ्या ठोकत पुढे गेली. मी ढगांकडे बघितलं आणि पाय राखून ठेवले. हा वारा परतीला तोंडावर येणार हे तीस वर्षं ज्याने मोजलाय त्यालाच कळतं. परतताना त्यातल्या कितीतरी जणांना मी घंटी वाजवून मागे टाकलं. एकाने मागे वळून 'काकू, ही घंटी?' एवढंच विचारलं. मी पुन्हा वाजवली.

धावण्याच्या दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीत, दक्षिण फाटकापाशी, उजव्या बुटाची नाडी सुटली. होय, कापडी नाडी. शिट्टीला सांगू नकोस, तिने ती बघितलीच आहे. मी थांबले, वाकायला गेले, आणि कंबर मधेच अडकली. ना खाली, ना वर. कशीबशी नाडीपर्यंत पोचले तर त्या दोन बोटांनी ती धरली नाही. घड्याळात वेळ होता, पण थोडाच. नाडी सोडून पळावं तर तोंडावर पडायची. मी त्या नाडीला जे बोलले ते मदरांच्या शाळेत शिकवत नाहीत.

आणि मग समोर एक पांढरं डोकं वाकलेलं दिसलं. तू किती पांढरी झालीस, बेबी. केस काळे करायचे सोडलेस हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नियम तुला माहीत होता, मीच पत्रात कळवला होता. मी 'नको, हात लावू नकोस' म्हटलं, तेही तुला ऐकू आलं असणार. तू फक्त "पाय हलवू नकोस, ताई" एवढंच म्हणालीस आणि दुहेरी गाठ मारलीस. आणि मी पाय हलवला नाही. हे तुझ्या ध्यानात आलं का? पाय मागे घ्यायला मला पुरेसा वेळ होता.

तितक्यात मोटरसायकलवरून तो पंच आला आणि तू दोरीखालून पळालीस. तू गर्दीत शिरल्यावरचं ऐक.

पोरगा भला होता, पंचवीसेक वर्षांचा. दहा महिन्यांची तयारी माझ्या चेहऱ्यावर लिहिलेली त्याला दिसली असावी. त्याने वही काढली नाही. हळूच म्हणाला, "आजी, त्या बाई तुमच्या ओळखीच्या नव्हत्या ना? कुणीतरी प्रेक्षक असेल. तसं असेल तर काही अडचण नाही, तुम्ही पळा." मान हलवली असती तरी पुरे होतं. आणि बघ, तीन वर्षं मी हेच तर सांगत आले आहे, शेजारणीला, डॉक्टरला, जो विचारेल त्याला. एकदाही कुणी त्याच्या बदल्यात मला काही देऊ केलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदाच त्या वाक्याला किंमत आली होती, आणि ती अख्ख्या शर्यतीची होती.

मी म्हटलं, "ओळखीची म्हणजे? माझी सख्खी धाकटी बहीण आहे ती."

तो म्हणाला, "आजी, नीट विचार करा. मग मला तुम्हाला बाद करावं लागेल."

मी म्हटलं, "कर. आणि मला आजी म्हणू नकोस."

त्याने लिहून घेतलं. मी त्याला विचारलं, बाद माणसाला पळता येतं का. नियमावलीत मनाई नाही, मी वाचलेली आहे. तो हसला आणि म्हणाला, पळा. मग मी पळाले, बेबी. नाडी एकदाही सैल झाली नाही. वेळ संपायच्या आत मी ती रेघ ओलांडली. शिट्टी तिथे उभी होती, ती इतकी जोरात शिट्टी वाजवत होती की लोकांना वाटलं काहीतरी अपघात झाला. पदक मिळालं नाही. केळं मिळालं. दोन खाल्ली.

दुसऱ्या दिवशी यादी निघाली. त्या पंचाने काम चोख केलं आहे. वेळेत पोचलेल्यांच्या खाली रेघ, रेघेखाली मी एकटी. कात्रण सोबत जोडते आहे. माझ्या नावापुढे 'बाद' आणि त्यापुढे कारणाच्या रकान्यात 'सख्ख्या बहिणीची मदत' असं छापलं आहे. छापील आहे, तेव्हा आता ते 'मला बहीण नाही' कायद्याने टिकत नाही.

मी अर्थातच अपील करणार आहे. नाडी बांधणं म्हणजे वेगाला मदत नव्हे, पडण्यापासून बचाव आहे, असा माझा मुद्दा आहे. सर म्हणतात, केस पडेल. पडू दे. पण सुनावणीला साक्षीदार लागतो आणि तो तूच आहेस. साक्षीदाराने आठवडाभर आधी यायचं असतं. असा नियम नाही, मी केला आहे.

कपाटातली तुझी उशी उन्हात टाकली आहे. डबे मी पुन्हा माझ्या पद्धतीने लावले आहेत, त्यांना हात लावायचा नाही. लावलास तर मिठाचा तेवढा जागेवर ठेव.

बूट घरी आल्यावर तसाच ओढून काढला. गाठ अजून आहे तशी आहे, माझ्या बोटांना ती सुटत नाही. शनिवारी पुन्हा पळायला जायचं आहे आणि दुसरा जोड नाही.

सरांना त्या एका गुणाचं उत्तर द्यायचं राहिलं होतं. आज सांगून आले.

मागणी: शुक्रवारच्या आत येणे.

तुझी,
ताई